सात कपड्यांची बाई

२ सप्टेंबर

अख्खं गाव माझ्या दारात! स्ट्रेचर घेऊन! आणि मी मधे उभी, हातात चहाचा कप!

नीट लिहिते. नात म्हणते, आजी, तू शेंड्यापासून सुरू करतेस आणि बुंध्याला पोचतच नाहीस. तर बुंधा असा — नातीला इथल्या डोंगरातल्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली, ती निघाली आणि मी तिच्या मागे लागले. मलाही ने! शहरातल्या त्या फ्लॅटमध्ये एकटीने भिंतीशी किती बोलायचं? थोरला नको नको म्हणत होता. थोरला म्हणजे माझा मुलगा, नातीचा बाप. एकुलता एक आहे, पण लहानपणापासून मोठ्या माणसासारखा वागतो म्हणून थोरला. ही वही नातीनेच दिली. म्हणाली, रोज चार ओळी लिही, अक्षर सुधारेल. माझी शाळा चौथीत सुटली. धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन वर्गात बसायचे, तो रडायचा, बाई म्हणायच्या दोघं घरी जा. गेलो. असो.

घर उतारावर आहे. दोन खोल्या, लाकडी जमीन, मधोमध लोखंडी शेगडी. समोर खोल दरी, खाली ओढा — एवढा गाजतो की पलीकडच्या माणसाने बोंब मारली तरी इकडे ऐकू येणार नाही. दरीपलीकडे तसाच उतार, त्यावर एक घर. आणि आमच्या पुढच्या खिडकीबाहेर काय — कपडे वाळत घालायला आयतीच दांडी! मी म्हटलं, वा, काय विचार करून घर बांधलंय. सकाळी धुणं झालं तसं सगळं घातलं वाळत. माझा गाऊन, स्वेटर, दोन टॉवेल, नातीची पँट, उशीचा अभ्रा आणि — लाज वाटते लिहायला — माझा परकर.

नात शाळेत गेली होती. मी चहा घेऊन बसले. तोच बाहेर बुटांचा धाडधाड आवाज! दार उघडते तर पोस्टमन, खांद्यावर दोराचं वेटोळं, धापा टाकतोय. त्याच्या मागे स्ट्रेचर, फावडी, एक बाई गरम पाण्याची किटली घेऊन. एकाच्या हातात कुऱ्हाड! कुऱ्हाड कशाला ते मला अजून कळलेलं नाही.

पोस्टमन ओरडला, "किती जण दबलेत?"

"कुठे?"

"आत!"

"आत कोणी नाही हो. मी चहा पितेय."

त्याने खिडकीकडे बोट केलं. "मग सात कपडे?"

मी म्हटलं, "धुतलेत."

सगळे दांडीकडे बघायला लागले. मग किटलीवाल्या बाईला पहिल्यांदा हसू फुटलं, आणि मग काय विचारता! कुऱ्हाडवाला तर पायरीवरच बसला. इथे पुढच्या दांडीवर धुणं घालायचंच नसतं म्हणे, ते मागच्या अंगणात. पुढे रोज सकाळी एकच कपडा. म्हणजे घरात सगळं ठीक. दोन कपडे — मदत हवी. तीन — स्ट्रेचर आणा. चार — घर पडलं, फावडी आणा. पाचाच्या पुढे आजवर कोणी गेलंच नव्हतं! मी सात!

एकटी हसली नाही ती समोरच्या घरातली बाई. गुडघ्यापर्यंत गमबूट, बाहीवर दूध सांडलेलं. तिनेच पत्रा बडवून सगळ्यांना गोळा केलं होतं. म्हणाली, "गाय अर्धी पिळून टाकून आलेय मी." आणि पाठ फिरवून चालती झाली.

माझं कान पकडून वगैरे झालं. पण खरं सांगू? मला आत कुठेतरी इतका आनंद झाला. एवढी माणसं! धावत! माझ्यासाठी!

३ सप्टेंबर

नात हसून हसून लोळली. शाळेतल्या पोरांना आधीच कळलं होतं. मला इथे नाव पडलंय — सातकपडे. "सातकपडे आजी." पडू दे.

५ सप्टेंबर

आज पोस्टमन आला. पत्र नव्हतंच, चहाला आला. त्याने सगळं समजावून सांगितलं. पूर्वी एका थंडीत एक घर बर्फाखाली गेलं आणि गावाला पत्ताच नाही. पलीकडच्यांना वाटलं, परगावी गेले असतील. तेव्हापासून हा नेम. प्रत्येक घराला एक समोरचं घर. सकाळी उठलं की आधी कपडा लावायचा, मग समोर बघायचं. समोर दिसला नाही की विचार करत बसायचं नाही, निघायचं. माणूस झोपलेलं निघालं तर चहा पिऊन परत यायचं.

"आणि माझं समोरचं घर ते गवळणबाईचं?" मी विचारलं.

"हो. तुमच्या आधी हे घर रिकामं होतं, खूप दिवस. तिला समोरचं कोणी नव्हतं." मग पोटरी खाजवत म्हणाला, "तिचं बोलणं मनावर घेऊ नका आजी. ती गाईंशी पण तसंच बोलते."

नात अंधारातच शाळेला निघते, तेव्हा कपडा लावायचं काम माझं. म्हातारपणी कामं काढून घेतात माणसाकडून. भाजी नको चिरू, हात कापशील. स्टुलावर नको चढू. आणि इथे आल्या आल्या काम!

मला यांची आठवण आली. यांना आवडलं असतं हे. हे गेले तेव्हा मी बहिणीकडे होते, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन. हे गॅलरीत खुर्चीत बसले होते. समोरच्या बिल्डिंगमधून सगळ्यांना दिसत होते — सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत. नंतर सगळे भेटायला आले, तेव्हा म्हणाले, आम्ही पाहिलं होतं हो. वाटलं, झोपले असतील.

झोपले असतील.

तेव्हापासून वरच्याशी माझा अबोला आहे. तू बघत होतास ना? मग? एवढं एकदा विचारलं. उत्तर नाही. मग मीही बोलणं टाकलं. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही!

आज दुसरंच लिहायचं होतं. जाऊ दे.

९ सप्टेंबर

मी लाल टॉवेल. समोर पांढरा. छान!

१४ सप्टेंबर

आज प्रार्थनेच्या घरात गेले. देवासाठी नाही — माणसं बघायला. आधीच सांगून ठेवते.

एकच मोठी खोली, बाकडी, मधे शेगडी. भिंतीवर काही नाही. आत जाताना सगळे बूट दाराशी काढतात, त्यामुळे मोज्यांची भोकं सगळ्यांना दिसतात! पोस्टमनच्या दोन्ही अंगठ्यांना हवा लागत होती. वर यायला कोणी धर्मगुरू तयार होत नाही म्हणून तोच प्रार्थना सांगतो. फार लांबवत नाही, पाय दुखतात त्याचे.

आधी सगळे गप्प बसतात. बराच वेळ. मला गप्प बसायची सवय नाही, जीभ आतल्या आत वळवळत होती. मग एकेक जण उभा राहतो आणि म्हणतो, "समोर उजाडलं." बाकीचे म्हणतात, "उजाडलं." झाली प्रार्थना! दुसरं मागणं नाही, गाऱ्हाणं नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या समोरच्या घराचं सांगायचं.

गवळणबाई उठली. मी जरा सरसावून बसले. ती म्हणाली, "समोर उजाडलं. अंमळ उशिरा."

सगळे फिसकन हसले. प्रार्थनेत! पोस्टमन सुद्धा.

माझी पाळी आली तर मी खाली मान घालून बसले. कोणाला सांगायचं? ज्याच्याशी अबोला त्याच्या घरात बसून त्यालाच? नाही म्हणजे नाही. पुढचा माणूस उठला. पण निघताना गवळणबाईने माझ्याकडे असं पाहिलं, असं पाहिलं — जणू मी तिचं दूध नासवलं.

१९ सप्टेंबर

थोरल्याचा फोन. "आई, गुडघे? थंडी? औषधं? तिथे करमतंय का?" मी म्हटलं, अरे करमतंय काय विचारतोस, वेळ पुरत नाही! सात कपड्यांची गोष्ट सांगितली. हसला. मग म्हणाला, "बर्फाच्या आत मी न्यायला येणार हां. थंडीत पोरगी शाळेच्या वसतिगृहात राहणार, तू त्या घरात एकटी. ते चालणार नाही."

मी म्हटलं, "एकटी कुठली? समोर आहे ना!" आणि रोजचा कपडा, समोरचं घर, न दिसला तर धावत जायचं — सगळं सांगितलं. तिकडून आवाजच नाही. हॅलो, हॅलो केलं. खूप वेळाने म्हणाला, "रेंज गेली होती." आणि ठेवला.

२४ सप्टेंबर

थंडी सुरू झाली. पेटी उघडून लोकरीचं काढलं. यांचा मफलर नाहीच. करडा, लाल काठाचा, मीच विणलेला — शेवटी एक टाका सुटला होता, हे म्हणायचे राहू दे, त्यावरून ओळखेन. किती शोधला मी हे गेल्यावर. बाकीच्या कपड्यांबरोबर सूनबाईने देऊन टाकला असणार. तिला काय कल्पना. असता तर एक दिवस तोच लावला असता दांडीवर.

१ ऑक्टोबर

आता मी रोज वेगळा रंग लावते! हिरवा रुमाल. पिवळा स्वेटर. काल नातीचा ठिपक्यांचा स्कार्फ. समोर आपला तोच पांढरा टॉवेल. तो पांढरा टॉवेल म्हणजे गवळणबाईचा चेहरा — हलत नाही, हसत नाही.

४ ऑक्टोबर

समोर आज निळा! निळा कपडा! मी खिडकीत टाळ्या वाजवल्या. एकटीच.

७ ऑक्टोबर

निळ्याने धीर आला, म्हणून सफरचंदाचा मुरंबा केला आणि बरणी घेऊन निघाले. समोर दिसतं घर, हात लांब केला तर कडी वाजवता येईल असं वाटतं. पण वाट? खाली ओढ्यापर्यंत, लाकडी पूल, मग वर, वर, आणखी वर! नाकी नऊ आले. तीनदा बसले. बरणीशी गप्पा मारल्या.

गवळणबाई दारातच. "कोण मेलं?"

"कोणी नाही. मुरंबा आणलाय."

"एवढ्यासाठी गुडघे झिजवले?"

"तुम्ही माझ्यासाठी गाय अर्धी सोडून आला होता ना!"

तिने बरणी घेतली, उजेडात धरून पाहिली, म्हणाली, "पाक पातळ आहे." आणि आत घेतलं मला!

घर तिचं लख्ख. दुधाचे डबे आरशासारखे. आणि खिडकीशी खिळ्याला काय टांगलेलं — दुर्बीण! मी आ वासून बघतच राहिले.

"ही कशाला?"

"डोळे गेलेत माझे. कपडा दिसायला नको?" मग शांतपणे म्हणाली, "सारखं नाक कसलं खाजवतेस गं?"

अगं बाई! म्हणजे टाळ्या पण पाहिल्या! मी लाजेने लाल. आणि तिचा चेहरा हळूहळू वाकडा व्हायला लागला. मला वाटलं तिला काही होतंय. ती हसत होती! सराव नव्हता म्हणून तसं दिसत होतं.

मग गप्पा. नवरा गेला, पोरं झाली नाहीत, गाई आहेत. मी विचारलं, माझं घर रिकामं होतं तेव्हा काय करत होता? म्हणाली, "लावत होते कपडा. रोज."

"कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? उजाडत होतं ना." मग एक डबा पुसत म्हणाली, "समोरचं उघडं नसलं की उजाडून उजाडल्यासारखं वाटत नाही."

मी उठून तिच्या खिडकीतून माझ्या घराकडे पाहिलं. एवढंसं दिसत होतं!

निघताना तिने विचारलं, "प्रार्थनेत गप्प का बसतेस? घरात तर पोपटासारखी बोलतेस."

"वरच्याशी माझा अबोला आहे," मी सांगितलं. का आहे तेही सांगितलं. गॅलरी, खुर्ची, सगळं. एवढं कोणालाच सांगितलं नव्हतं.

तिने डोक्यावरून हात फिरवला नाही, च्च च्च केलं नाही. म्हणाली, "मग त्याच्याशी नको बोलूस. माझं सांग. मी सकाळी उठले, एवढं सांगायला तुझं काय जातं?"

१२ ऑक्टोबर

बोलले! उभी राहिले आणि म्हणाले, "समोर उजाडलं." आणि सगळे एकदम — "उजाडलं." लाकडी जमिनीतून तो आवाज माझ्या तळपायात आला.

वरच्याशी नाही बोलले. त्याच्या देखत बोलले. फरक आहे.

बाहेर पडल्यावर पोस्टमनला विचारलं, "हे एवढंच का हो तुमच्यात? पाप-पुण्य काही नाही?" तो बूट चढवत होता. म्हणाला, "बघणारा बघतोच आजी. पण डोळे त्याला आपलेच लागतात." आणि बुटाची नाडी तुटली तशी एक शिवी दिली.

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तेच डोक्यात. आपलेच लागतात. म्हणजे त्या दिवशी समोरच्या बिल्डिंगमध्ये डोळे होते. होते की! त्यांनी बघितलं आणि — पुढचं मला लिहिता येत नाही. शब्द येतात, पण कोणावर रागवायचं ते बदललंय, त्याने गोंधळ उडालाय.

२० ऑक्टोबर

गवळणबाईला आता मी अगं-तुगं करते! तिनेच दटावलं — "तुम्ही-तुम्ही काय लावलंय, मी काय कलेक्टर आहे?" तिने मला धार काढायला बसवलं. गाईने माझ्याकडे वळून पाहिलं, तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की तिला माझी कीव आली. एक थेंब नाही!

"तुझ्या हाताला बोलायची सवय आहे, पिळायची नाही," गवळणबाई म्हणाली.

कित्येक वर्षांत इतकी हसले नव्हते.

३ नोव्हेंबर

थोरला हट्टाला पेटलाय. रोज फोन. "आई, माझ्यासाठी ये. मला झोप लागत नाही." आता आईने यावर काय बोलायचं? लहानपणी तापात असाच म्हणायचा, आई इथेच बस. भांडला असता तर भांडले असते. रडवेला झाला.

म्हटलं, "बरं. ये न्यायला."

नात म्हणाली, "आजी, तुला जायचंय का?" मी म्हटलं, गप्प बस आणि ताट घे.

५ नोव्हेंबर

गवळणबाईला सांगायला गेले. म्हटलं, थंडीपुरतंच. बर्फ वितळला की येईन.

"जा ना. मी काय दोर बांधलाय?"

चहा विचारला नाही. मुरंब्याची बरणी धुऊन परत दिली.

६ नोव्हेंबर

समोर पोतं. गोणपाट! दांडीवर! मी समजले.

१५ नोव्हेंबर

रोज पोतं. मी लाल लावते, हिरवं लावते, एकदा यांची आवडती निळी शाल लावली. समोर पोतं. काय बाई तरी! साठी कधीच ओलांडली आणि रुसते पहिलीतल्या पोरीसारखी. मी पण काही कमी नाही. उद्या मीही पोतं लावणार.

१६ नोव्हेंबर

लावलं. मग वाईट वाटलं. काढून पिवळा स्वेटर लावला.

२६ नोव्हेंबर

थोरला आला! किती वाळलाय. शहरी बूट, गुळगुळीत तळवे — पायरीवरच घसरला. मी, तो आणि नात, तिघं शेगडीभोवती बसलो, मी एवढी बडबडले की त्याचं जेवण गार झालं. संध्याकाळी दांडीवरचा कपडा काढून घेतला तर बघत होता. "खरंच रोज लावतेस हे?"

"मग! तू काय समजलास?"

"पोरखेळ आहे गं आई," म्हणाला. पण हसून नाही म्हणाला.

परवा सकाळी निघायचं. आभाळ खाली आलंय. पोस्टमन म्हणतो, बर्फ परवापर्यंत दम धरेल. कदाचित.

२८ नोव्हेंबर

गवळणबाईच्या घरातून लिहिते. वही आणली नातीने पाठीवरच्या पिशवीतून, सांगितलं नव्हतं तरी.

सकाळी सामान दाराशी. मी शेवटचा कपडा लावला — तोच लाल टॉवेल, पहिल्यासारखा. समोर बघितलं. काही नाही. पोतं नाही, पांढरा नाही, काही नाही. मोकळी दांडी.

थांबले. पुन्हा बघितलं.

थोरला बॅगा उचलत होता. "आई, चल, बर्फ सुरू होतोय."

"समोर कपडा नाही."

"रागावलीये ना ती? तूच म्हणालीस." मी हलले नाही तसा खिडकीशी आला. बघितलं. आणि म्हणाला, "झोपली असेल, आई."

माझ्या डोक्यात काय झालं ते मला लिहिता येत नाही. मी त्याच्या हातातली बॅग ओढली, उघडली, त्याचे इस्त्रीचे शर्ट बाहेर काढले आणि लाल टॉवेलशेजारी लावले. एक, दोन. झाले तीन. स्ट्रेचर आणा! मग चप्पल की बूट काय पायात घातलं तेही आठवत नाही, मी वाटेला लागले.

उतारावर बर्फ भुरभुरत होता. मागून थोरला ओरडतोय, आई, थांब, पडशील! आणि माझ्या तोंडातून निघालं — "देवा, जरा थांब! आलेच! तिला धरून ठेव!" निघालं ते निघालं. आता परत घेता येत नाही. पुलापर्यंत मी त्याला इतकं काही बोलले, वर्षभराचं साठलेलं, शिव्यासुद्धा. भांडण म्हणा. पण बोलले.

चढावर थोरल्याने मला गाठलं. हात धरला आणि ओढलं वर. त्याचे ते बूट! दोनदा गुडघ्यावर पडला, उठला, पुन्हा माझा हात धरला.

गोठ्यात होती. घसरून पडलेली, पाय दुधाच्या डब्यांच्या मांडणीखाली अडकलेला, ओठ निळे. गाय तिच्या अंगाला अंग लावून बसलेली. त्या गाईनेच तिला गरम ठेवलं.

तिने डोळे उघडले. म्हणाली, "उशीर केलास."

मी खाली बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मोठ्याने रडले. ती म्हणाली, "कानात नको ओरडूस."

थोरल्याने मांडणी उचलली. एकट्याने. तोवर नातीने बोलावलेले पोस्टमन आणि सगळे पोचलेच — स्ट्रेचर, किटली, कुऱ्हाड. (कुऱ्हाड!) दवाखान्याच्या नर्सबाईने पायाला फळी बांधली. हाड मोडलंय, पण बसेल म्हणाली. खाली न्यायचं म्हटलं तर रस्ता तोवर बर्फाने बंद. तेव्हा ती इथेच आणि मी तिच्यापाशी. कोणी ठरवलं नाही. मी स्वेटर काढून खुंटीला लावला, एवढंच.

थोरला गोठ्याच्या दारात उभा होता, हाताला खरचटलेलं, त्या गाईकडे बघत. मी म्हटलं, "तू पण अडकलास रे आता. बर्फ उघडेपर्यंत." तो म्हणाला, "आई, सकाळी ती किती वेळ तशी होती?" नर्सबाई म्हणाली, फार नाही, आणखी थोडा वेळ गेला असता तर मात्र… त्याने पुढचं ऐकलं नाही, बाहेर गेला. नातीबरोबर माझ्या घरी परत गेला, अंधार व्हायच्या आत.

गवळणबाई पडल्या पडल्या म्हणाली, "उद्या तुझ्या घरात कपडा कोण लावणार?"

"नात अंधारातच शाळेत जाईल. थोरल्याला पोरखेळ वाटतो. मोकळीच राहील बहुतेक दांडी," मी म्हटलं. "एक दिवस चालेल. सगळे ठीक आहेत हे मला ठाऊक आहे."

"चालेल कसं?" ती म्हणाली. आणि झोपली.

२९ नोव्हेंबर

बर्फ थांबला. सगळं पांढरं. गवळणबाईचा टॉवेल मी लावला, निळा.

मग दुर्बीण घेतली.

माझ्या खिडकीत एक कपडा. एकच. करडा. काठ लाल. खालच्या टोकाला सुटलेल्या टाक्याचा धागा वाऱ्यावर हलत होता.

थोरल्याकडे होता! इतके दिवस. त्याच्या बॅगेत.

तो खिडकीत उभा होता, मफलरशेजारी. अंगात बापाचीच उभं राहायची ढब. आत जात नव्हता. इकडे बघत होता — समोर.

आतून गवळणबाई ओरडली, "अगं सातकपडे, मेलीस का? उजाडलं का समोर?"

मी दुर्बीण काढली नाही डोळ्यांवरची. तसंच सांगितलं —

"उजाडलं."